घाईकाकूचा पंप

घाईकाकू सातव्या महिन्यातच जन्माला आली. तिची आई सांगायची, सुईण हात धुऊन येईपर्यंतसुद्धा ही थांबली नाही. पुढचं सगळं आयुष्य तिनं त्याच वेगानं काढलं. चहा उकळता प्यायची, कडी काढायच्या आधी दार ओढायची, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर देऊन मोकळी व्हायची. सारंगकाकांनी तिला पहिल्यांदा गाठलं तेव्हा "एक विचारायचं होतं," एवढंच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. ती म्हणाली, "हो, चालेल. लग्न कधी?" आपल्याला खरं तर लाँचच्या छताला किती कापड लागेल ते विचारायचं होतं, असं काका जन्मभर सांगत आले, आणि ती जन्मभर हसत आली.

काका लाँच चालवायचे. एका मोठ्या तळ्यात माणसं इकडून तिकडे नेण्याचं काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. स्वभावानं ते शांत, इतके की बुटाची नाडी बांधायला बसले की काकू म्हणायची, "अहो, बांधताय का विणताय?"

आणि अशी ही बाई करायची काय, तर शिवणकाम. होड्यांची छतं, शिडं, कॅनव्हासची आच्छादनं. लोकांना नवल वाटायचं, की हिच्या हातून ते होतं कसं. पण तिला कामाला बसलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना त्यातली गोम माहीत होती. कॅनव्हासमध्ये दाभणाचं भोक चुकीच्या जागी पडलं की ते मिटत नाही. तिथून पाणी शिरतं ते शिरतंच. म्हणून पहिला टाका घालताना घाईकाकू दुसरीच कोणी बाई व्हायची. कापड मांडीवर सारखं करायची, शिवणीवरून बोट फिरवायची, दाभण टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. त्या वेळी घराला आग लागली असती तरी तिनं मान वर केली नसती. पहिला टाका बसला, की मग हात असा सुटायचा की बघणाऱ्याला दोरा दिसू नये.

तळ्याच्या काठानं घरांची एकच ओळ होती. सगळी लाकडी, पुढचं दार पायवाटेवर, मागचं पाण्याकडे. वरच्या बाजूला गवताची टेकडी. शेवटचं घर काकूच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. अक्काचे यजमान होड्या बांधणारे सुतार, त्यांना काकू भावजी म्हणायची आणि सारंगकाका साडू. घराला लागून त्यांची शेड. तिच्यात कायम एखादी अर्धी होडी, भुश्शाचा ढीग आणि डांबराचा डबा. टेकडी पेटली तर ठिणगी पहिली तिथेच पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि शेवटचं घर पेटलं, की वारा ओळीतलं एकेक घर उचलत जाणार.

बंबाचा रस्ता टेकडीला वळसा घालून येई, आणि तोही ओळीच्या अलीकडच्या टोकालाच संपे. म्हणून सगळ्यांनी मिळून एक आगीचा पंप आणला. दोन माणसांनी दांड्याला धरून उचलायचा, लोखंडी चौकटीत बसवलेला, पेट्रोलवर चालणारा. एका तोंडाला तळ्यातलं पाणी ओढणारा जाड, कडक पाइप. त्याच्या टोकाला जाळी आणि जाळीत झडप. दुसऱ्या तोंडाला कापडी होज, तिच्या टोकाला नोझल. पंप आला त्या दिवशी काकूनं होजचं कापड चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाली, "हा माझ्याच जातीचा माल आहे. पंप मी चालवणार."

शिकवायला अग्निशमन दलातला एक जवान आला. मिशीवाला, गंभीर. तो "आता सगळ्यात आधी..." म्हणाला, आणि काकूनं सुरू करायची दोरी खेचायला हात घातला. जवानानं तिचा हात वरच्या वर धरला.

"काकू, कोरडा पंप चालवलात तर आतलं सील जळून जाईल. आधी हे वरचं बूच काढायचं. बादलीनं पाणी भरायचं. बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत भरत राहायचं. हवा राहिली तर पंप पाणी उचलत नाही."

"किती वेळ?"

"बुडबुडे थांबेपर्यंत."

"पण म्हणजे किती?"

सारंगकाका मागून म्हणाले, "दादा, हिला तेवढं सोडून काहीही विचारा."

शेवटी पंप भरला, सुरू झाला. नोझलवर एकटे काका उभे होते. जवान त्यांच्याकडे दुसरा माणूस पाठवणार होता, पण तेवढा धीर कुणाला? काकूनं वेगाची दांडी एका दमात शेवटपर्यंत ढकलली. होजमध्ये पाणी शिरलं ते खवळलेल्या बैलासारखं. काकांनी नोझल सोडलं नाही, पण नोझलनं काकांना सोडलं नाही हे जास्त खरं. ते गोल फिरले, चिखलात बसले, आणि पाण्याचा झोत अक्काच्या कपड्यांच्या दोरीवरून असा गेला की दोरीवरची पांढरी चादर उडाली ती थेट तळ्यात. जवानाची टोपीही तिच्या सोबतीला गेली.

अक्का मागच्या पायरीवर उभी होती. चादर बुडेपर्यंत तिनं कमरेवर हात ठेवून बघितलं. मग साऱ्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिच्या हातात यंत्र द्या! म्हणजे माझं घर आगीनं नाही, पाण्यानं जाईल!"

सगळा काठ पोट धरून हसला. काकूही हसली, पण संध्याकाळी ती पंपापाशी एकटीच जाऊन बसली. सारंगकाका चहा घेऊन आले. तिनं कप हातात धरून ठेवला, प्यायली नाही, तेव्हाच काकांना कळलं की मनाला लागलंय.

"मला नाही जमायचं," ती म्हणाली. "ते म्हणतात हळू. मला हळू येतच नाही."

काका तिच्या शेजारी टेकले. मग म्हणाले, "अगं, पहिला टाका येतो की."

एवढंच. पण ते तिच्या डोक्यात दाभणासारखं घुसलं. दुसऱ्या दिवसापासून ती पंपाशी कॅनव्हाससारखी वागू लागली. बुचावर बोट फिरवायची. पाइपच्या जोडातलं रबर काढून, पुसून, परत बसवायची, कारण तिथून हवा शिरली तर सगळंच फुकट. होज पूर्ण उलगडून सरळ झाल्याशिवाय पाणी सोडायचं नाही. नोझलवर दोन माणसं, पाय फाकून, तिच्याकडे बघत. काकांनी हात वर केला की वेग हळूहळू वाढवायचा, दोन्ही हात छातीवर आडवे धरले की कमी करायचा, कारण इंजिन सुरू झालं की ओरडलेलं कुणाला ऐकू येत नाही. जवान पुन्हा तपासायला आला तेव्हा तिनं पंप असा हळुवार सुरू केला की तो म्हणाला, "काकू, गेल्या वेळी होती ती तुमची बहीण का?"

आणखी एक नियम तिनं स्वतः घातला. अक्काच्या अंगणात कपड्यांच्या दोरीचा वरचा खांब होता, टेकडीच्या बाजूचा. "आग त्या खांबाला शिवली, की पंप तिथेच सोडायचा आणि होडीत बसायचं. घर कुणाचंही असो." अक्का म्हणाली, "कुणाचंही काय, माझंच आहे ते." काकू म्हणाली, "म्हणूनच आधी ठरवून ठेवतेय."

त्या उन्हाळ्यात तळं आटलं. धक्क्याचे खांब चिखलात उघडे पडले आणि पाणी पार खाली सरकलं. टेकडीवरचं गवत इतकं वाळलं की वाऱ्यात त्याचा कागदासारखा आवाज येई. घाईकाकूनं घरोघरी जाऊन पन्हळीतला पाला काढायला लावला, भिंतीलगतचं गवत कापायला लावलं. भावजींच्या शेडमधला भुस्सा तिनं स्वतः पोत्यात भरून लांब टाकला. "माझी शेड आता नवरी दिसते," भावजी म्हणाले, पण पोती त्यांनीच वाहिली.

आणि एका भर दुपारी अक्का कपडे वाळत घालता घालता ओरडली, "धूर!"

टेकडीच्या माथ्यावर करडा लोळ उठला होता. बघता बघता त्याच्या खाली नारिंगी रेघ दिसू लागली, आणि वारा सरळ काठाकडे होता. सारंगकाकांनी अग्निशमन दलाला फोन लावला. पलीकडून सांगितलं, बंब निघतोय, पण आधी माणसं पाण्यावरून हलवा.

माणसं आधी, हे ठरलेलंच होतं. ओळीतल्या नर्सताईंनी मोठी होडी काढली, म्हातारी माणसं, मुलं, एक मांजर, सगळ्यांना बसवलं. अक्काचे गुडघे धरलेले, तिला दोघांनी उचलून आणलं. पण ती होडीची कड धरून अडून बसली.

"माझं घर जळताना मी पलीकडे बसून बघू?"

"बघ, आणि मला शिव्या दे," काकू म्हणाली. "पण पलीकडून दे."

अक्कानं तिच्याकडे पाहिलं. मग कड सोडली. होडी सुटली, वल्ही पाण्यात पडली, आणि मग ती मागे वळून ओरडली, "घाई! पाण्यानं गेलं तरी चालेल गं!"

काकू वळून धावत सुटली. भीती होती आणि त्याहून जास्त एक विलक्षण जोर होता. आयुष्यभर ज्या घाईसाठी बोलणी खाल्ली तिला आज कुठेतरी जायचं होतं.

"अहो, तो नायलॉनचा शर्ट काढा! सुती घाला! अंगाला वितळून चिकटेल तो!"

"आत्ता?"

"नाही, सणाला!"

काकांनी त्या दिवशी शर्ट ज्या वेगानं बदलला, त्या वेगानं त्यांनी लग्नातही काही केलं नव्हतं.

धक्क्यावरून आता पाणी ओढता येणार नव्हतं, पाणीच लांब गेलेलं. काका आणि भावजींनी पंप उचलून खाली, पाण्याच्या कडेच्या सपाट खडकावर ठेवला. गवतावर ठेवला असता तर त्याच्याच धुराच्या तापलेल्या नळीनं गवत पेटलं असतं. टाकी काकांनी सकाळीच भरून ठेवली होती, पेट्रोलचा डबा लांब सावलीत होता. भावजींची छोटी होडी, वल्ह्यांसकट, दोन हातांवर बांधून ठेवली. काकूनं पाइप जोडला, रबरावरून बोट फिरवलं.

"भावजी, जाळी टाका पाण्यात!"

आता भावजींनी सगळी हयात होड्यांमध्ये काढलेली. दोरीच्या टोकाला जड काही हातात आलं की ते त्यांच्या हाताला एकच गोष्ट सांगायचं. त्यांनी कमरेतून झोका घेतला आणि जाळी नांगरासारखी भिरकावली. सुरेख पडली. खोल पाण्यात, तळाशी, घट्ट. त्यांनी समाधानानं पाइपला एक हिसका देऊन पाहिला. नांगर धरला होता.

नेहमी सरावाच्या वेळी जाळी धक्क्याच्या खांबाला दोरीनं बांधून अधांतरी सोडलेली असायची. ती कुठे टेकते याचा विचार कधी कुणाला करावाच लागला नव्हता. काकू बूच उघडून पाणी भरत होती, तिचं लक्ष बुडबुड्यांवर. बुडबुडे थांबले. बूच घट्ट. दोरी खेचली. इंजिन भडकलं.

काका आणि भावजी नोझल घेऊन अंगणात पोचले. काकांचा हात वर गेला. काकूनं दांडी इंच इंच सरकवली. होज फुगत, सरळ होत, अंगणापर्यंत चढली, आणि नोझलमधून पाणी सुटलं! शेडच्या छतावर, भिंतीवर, खिडक्यांवर, खिडकीतून आत! काकू खडकावर एकटीच नाचली. आग टेकडीच्या मध्यावर आली होती, ठिणग्या उडत होत्या, आणि ओल्या छतावर पडून चुर्र करून विझत होत्या.

मग इंजिनाचा आवाज बदलला. ओझं उतरलेल्या माणसानं धावत सुटावं तसं ते किंचाळू लागलं. नोझलमधून तांबडा गढूळ झोत आला, त्याची पिचकारी झाली, आणि होज मेलेल्या सापासारखी आडवी पडली.

दोघे पुरुष मागे वळले. काकांच्या, त्या शांत माणसाच्या, तोंडचं पाणी पळालं होतं. ते दोन्ही हात वर करून नाचवत होते, वाढव, वाढव! भावजी उताराकडे धावत आले. "रेस दे! घाई, रेस दे! बाई, सगळ्या जन्मात एकदाच घाई हवी होती!"

काकूचा हात दांडीवर होता. पुढे ढकलायला तो शिवशिवत होता. तिनं अक्काच्या दोरीच्या खांबाकडे पाहिलं. आग अजून वर होती. खांबापाशी फक्त धूर.

तिनं दांडी मागे ओढली आणि इंजिन बंद केलं.

एकदम शांतता झाली. त्या शांततेत टेकडीवरच्या गवताचा तडतडाट केवढा तरी मोठा ऐकू आला.

"चिखल ओढलाय," ती म्हणाली. "पाइप वर घ्या."

"वेळ आहे का?" काका खाली येत म्हणाले.

"पहिल्या टाक्याला वेळ असतोच," ती म्हणाली. "तुम्हीच ना ते सांगितलं? आता दम धरा. खांबाकडे बघत राहा. तो पेटला तर मला दंडाला धरून ओढा. तोवर मला काही विचारू नका."

जाळी वर आली ती चिखलाचा गोळा होऊन. तिनं ती स्वच्छ पाण्यात खळबळली, नखांनी भोकं मोकळी केली. झडपेत एक काडी अडकली होती. ती तशीच राहिली असती तर भरलेलं पाणी सगळं परत तळ्यात गेलं असतं. तिनं दाभणाचा दोरा काढावा तशी ती हलकेच काढली. भावजी शेजारी पेट्रोलचा डबा घेऊन उभे राहिले.

"बंदच आहे तर टाकीत ओतून घेतो."

"इंजिन तापलंय, भावजी! एक आग पुरत नाही का तुम्हाला?"

भावजी डबा घेऊन आल्या पावली परत गेले. येताना त्यांच्या हातात अक्काची कपडे वाळत घालायची वेताची टोपली होती, आणि घट्ट बूच लावलेला एक रिकामा डबा. "जाळी यात ठेवू? डब्याला बांधून सोडली तर तळाला टेकायची नाही. नांगर नको, तरंगतं हवं." चूक कुणाची हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हातून झालेलं आता डोक्यात शिरलं होतं.

"भावजी, तुम्ही सोन्याचे आहात. पण वरही नको, बुडलेली हवी. वर भोवरा झाला तर हवा ओढेल."

टोपली पाण्याखाली गेली, डबा वर तरंगत राहिला. काकू बूच उघडून पाणी ओतू लागली. बुडबुडे. आणखी एक बादली. बुडबुडे. वर गवताचा एक पट्टा भडकन पेटला. काकांचा चेहरा खांबाकडे, हात तिच्या दंडापासून वीतभर. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

बुडबुडे.

बुडबुडे.

मग नुसतं पाणी.

बूच. दोरी. इंजिन एका खेचीत धरलं. दोघे उतार चढून धावले, पाय फाकून उभे राहिले, हात वर. तिनं दांडी सरकवली, हळू, आणखी हळू, होज थरथरली, उठली, आणि स्वच्छ पांढरा झोत अंगणाच्या वरच्या कडेवर जाऊन आदळला. आग आणि खांब यांच्यामधलं सगळं गवत भिजत गेलं. ज्वाळा त्या ओल्या पट्ट्यापाशी आल्या, उंच झाल्या, डावीकडे गेल्या, उजवीकडे गेल्या. त्यांना पुढे काही खायला मिळेना. वाफेचा ढग उठला. पलीकडच्या काठावरून माणसं ओरडल्याचा आवाज आला. घाईकाकूला इंजिनाच्या दणदणाटात तो ऐकू येणं शक्य नव्हतं, पण तिनं पुढे शपथेवर सांगितलं, की त्यात अक्काचा आवाज तिला ओळखू आला.

बंब आला तेव्हा टेकडी काळी झाली होती आणि धुमसत होती. तोच मिशीवाला जवान होज ओढत उतरला. त्याची माणसं निखारे उकरून विझवू लागली, कारण राखेखाली आग झोपलेली असते. तो पंपापाशी आला. काकू इंजिन बंद करून तिथेच बसली होती, कुणालाही डबा घेऊन जवळ येऊ देत नव्हती.

"कशाला बसलात इथे? वर सगळे तुमचं नाव घेतायत."

"थंड व्हायला थांबलेय," ती म्हणाली.

"पंप का तुम्ही?"

"दोघंही."

नर्सताईंची होडी काठाला लागली. अक्काला दोघांनी धरून वर आणलं. तिनं घर पाहिलं. उभं होतं, भिंतीवरून पाणी निथळत होतं. शेडमधली अर्धी होडी तशीच होती, फक्त तिच्यात आता पाणी भरलेलं. "होडीत पाणी बाहेरून येतं, आतून नाही," असं भावजी कुणाला तरी सांगत होते. राख खांबाच्या पलीकडेच थांबली होती. अक्का खिडकीतून आत डोकावली. गादी, उशा, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं चिंब. जमिनीवर तिची एक चप्पल तरंगत होती.

"गेलं!" ती म्हणाली. "शेवटी पाण्यानंच गेलं!"

आणि हसता हसता रडायला लागली. घाईकाकू धावत वर आली, तेव्हा अक्कानं तिला मिठी मारली, चिखलासकट, पेट्रोलच्या वासासकट, आणि बराच वेळ सोडलं नाही. काकूला ते कठीण गेलं, कारण इतका वेळ एका जागी उभं राहायची तिला सवय नव्हती. पण ती उभी राहिली.

मग तिच्या खांद्यावरून अक्काची नजर पाण्याकडे गेली.

"आणि ती माझी टोपली आहे का गं तळ्या..."

"भावजींनी आणली!" काकू एका श्वासात म्हणाली. या वेळी मात्र तिनं वाक्य संपायची वाट पाहिली नाही.